बेसिनमधलं रक्त आणि मेसचं ताट

सकाळचे पावणेसात. हॉस्टेलच्या बेसिनपाशी रांग लागलेली. तुम्ही घाईघाईत ब्रश फिरवता, थुंकता आणि पांढऱ्या फेसात एक लालसर रेघ दिसते. नळ सोडला की ती वाहून जाते. शेजारचा विचारतो, "काय रे, रक्त?" तुम्ही म्हणता, "ब्रश कडक आहे." आणि पोह्यांच्या रांगेत जाऊन उभे राहता.

आता समजा, रोज सकाळी असंच रक्त हाताच्या बोटातून आलं असतं तर? आठवड्याच्या आत दवाखाना गाठला असता की नाही? हिरड्यांना मात्र आपण सवलत देतो. "उष्णता झाली असेल", "आमच्या घरात सगळ्यांच्याच येतं", ही दोन उत्तरं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही घरात तयार असतात. म्हणून आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हिरड्यांतून रक्त येणं नॉर्मल नाही. त्याचं पहिलं कारण दातांवरच्या थरात असतं. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. आपण काय खातो, आतड्यात कुठले जिवाणू पोसतो आणि मेडिकलमधून विचारून कुठल्या गोळ्या आणतो, याचाही त्यात वाटा आहे. आणि हे सगळं विशीतच बघायला हवं, चाळिशीपर्यंत थांबून नको.

सुरुवात ब्रशपासूनच करू. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथल्या दंत महाविद्यालयात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. या १२ जणांत ९ जण पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्या पूर्ववतही झाल्या. दातांवर जमणारा जिवाणूंचा चिकट थर, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, तो हिरड्या बिघडवतो, हे त्या प्रयोगाने पक्कं केलं. म्हणजे परीक्षेच्या तीन आठवड्यांत ब्रशला दांडी मारली, तरी हिरड्यांना तेवढं पुरतं. आणि दिलाशाची गोष्ट अशी, की या टप्प्यावर सगळं भरून येतं.

पुढचा टप्पा मात्र तसा नाही. सूज खाली उतरली, दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, की त्या आजाराला पेरिओडोंटायटिस म्हणतात. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. गंमत म्हणजे हे होत असताना दुखतही नाही. दाढ किडली तर रात्र जागून काढावी लागते, हिरडी मात्र गप्प बसून खाली सरकत राहते. तिची एकच तक्रार असते, ती म्हणजे ती लाल रेघ. तीच आपण नळाने धुऊन टाकतो.

मग सगळा दोष न घासण्याचाच का? त्याच लो यांनी १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० कामगारांच्या हिरड्यांवर लक्ष ठेवलं. हे लोक दात घासतच नव्हते. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं हळूहळू झिजलं आणि ११ टक्क्यांचं पंधरा वर्षांत फारसं काहीच बिघडलं नाही. थर सारखाच, मग निकाल वेगळा का? कारण हाड जिवाणू थेट कुरतडत नाहीत. जिवाणूंशी लढताना आपलं शरीर जी आग पेटवतं, जो दाह होतो, त्यात हाड जातं. काहींची आग लवकर विझते, काहींची धुमसत राहते. आनुवंशिकता, तंबाखू, मधुमेह यांचा यात मोठा हात असतो. गेल्या दीड-दोन दशकांत संशोधकांनी या यादीत आणखी एक प्रश्न घातला आहे: खाणं आणि आतडं.

२००९ साली प्रसिद्ध झालेला स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास बघा. दहा जण चार आठवडे अश्मयुगातल्या माणसांसारखे राहिले. टूथब्रश नाही, पेस्ट नाही. पण साखर नाही, मैदा नाही, पाकिटातलं काही नाही. अख्खं धान्य, रानातल्या भाज्या-फळं, दूध, थोडं मांस. महिन्याभराने तपासलं तेव्हा दातांवरचा थर वाढलेला होता, तो वाढणारच. पण तपासताना रक्त येणाऱ्या जागा ३४.८ टक्क्यांवरून १२.६ टक्क्यांवर आल्या होत्या. २०१६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या संशोधकांनी १५ जणांवर असाच छोटा प्रयोग केला. त्यातल्या दहा जणांना प्रक्रिया केलेली कर्बोदकं कमी आणि तंतू, ओमेगा-३, जीवनसत्त्व क जास्त असा आहार दिला. चार आठवड्यांत त्यांच्या हिरड्यांचा दाह साधारण निम्म्यावर आला. थर होता तेवढाच राहिला.

म्हणजे थर तोच, पण आग कमी. हे कसं होत असेल?

इथे आतडं येतं. तोंड आणि आतडं ही आपल्याला दोन वेगळी खाती वाटतात, एक डेंटिस्टचं, दुसरं फिजिशियनचं. शरीराच्या दृष्टीने ती एकाच नळीची दोन टोकं आहेत. तोंडात जिवाणूंच्या सातशेहून जास्त जाती सापडल्या आहेत. मोठ्या आतड्यात तर त्यांची अख्खी वसाहत आहे. भाकरी, भाजीतले जे तंतू आपल्याला पचवता येत नाहीत, ते या वसाहतीचं जेवण. ते खाऊन जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात आणि रोगप्रतिकारक पेशींना 'आता पुरे, शांत व्हा' असा निरोपही त्यातूनच मिळतो. तंतू मिळाले नाहीत तर ही मंडळी उपाशी राहतात, काही जाती कमी होतात, नको त्या वाढतात. यालाच जिवाणूंचा समतोल बिघडणं म्हणतात. अस्तर कमकुवत झालं की जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तात झिरपतात आणि शरीरभर बारीक दाह चालू राहतो. अशा शरीरातली हिरडी प्लाकशी लढायला उभी राहते, तेव्हा आग आधीच धुमसत असते.

उलट दिशेचा रस्ताही आहे आणि त्याचे पुरावे जास्त ठोस आहेत. आपण दिवसाला साधारण एक लिटर लाळ गिळतो. तिच्यासोबत तोंडातले असंख्य जिवाणू खाली जातात. पोटातलं आम्ल त्यातले बहुतेक मारतं आणि निरोगी आतड्यातली जुनी वसाहत उरलेल्यांना पाय रोवू देत नाही. एसटीत सगळ्या सीट भरलेल्या असल्या की नव्याला बसायला मिळत नाही, तसंच. पण सीट रिकाम्या असल्या तर? २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की हिरड्यांचा आजार असला तर तोंडात वाढलेले उपद्रवी जिवाणू आतड्यात जाऊन तिथली सूज भडकवतात. एवढंच नाही, हिरड्यांत तयार झालेल्या चिडक्या रोगप्रतिकारक पेशीही आतड्यापर्यंत पोहोचतात. माणसांमध्येही आतड्यांच्या दाहाचे जुने आजार असलेल्यांत हिरड्यांचा आजार जास्त दिसतो. म्हणजे हे चक्र आहे. वरचं बिघडलं की खालचं बिघडतं, खालचं बिघडलं की वरचं.

आता तुमच्या बॅगेतल्या त्या गोळीकडे बघू. सबमिशनच्या रात्री मिसळ, चहा, जागरण आणि सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. ही गोळी पोटातलं आम्ल कमी करते, म्हणजे दारावरचा वॉचमनच घरी पाठवते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या १,८१५ लोकांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. आम्ल बंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात एरवी तोंडात राहणारे जिवाणू जास्त सापडले. डॉक्टरांनी दिली असेल तर गोळी जरूर घ्या, मनाने बंदही करू नका. पण मित्राच्या पाकिटातून घेऊन महिनोन् महिने रोज खायची ती गोष्ट नाही.

दुसरी गोळी याहून वाईट. हिरडी सुजली, की आपण काय करतो? मेडिकलच्या काउंटरवर जाऊन सांगतो, "दाढ दुखतीय, काहीतरी द्या." पेनकिलरसोबत अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मिळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये असा नियम आहे, आणि तो रोज मोडला जातो हे आपल्याला, त्यांना, सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दिवसांत सूज उतरते, उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात. मुळात प्लाकमधले जिवाणू स्वतःभोवती चिकट कोट विणून बसलेले असतात, गोळी तिथे नीट पोहोचतच नाही. तो थर खरवडून काढल्याशिवाय आजार जात नाही. आतड्यात मात्र ती गोळी व्यवस्थित पोहोचते आणि चांगल्या-वाईट दोघांनाही झोडपते. ती वसाहत सावरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे हिरडीचं काम झालंच नाही, वर आतड्याचं बिघडलं. दोनशे रुपये गेले ते वेगळेच.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग सोपं आहे, प्रोबायोटिक घेतो. रील्सवर तेच तर चाललंय: 'गट हेल्थ'च्या पुड्या, कॅप्सूल, महिन्याचा कोर्स. थांबा जरा. वर सांगितलेले आहाराचे प्रयोग दहा-पंधरा माणसांचे आहेत आणि आतड्याचा बराचसा पुरावा उंदरांवरचा आहे. दिशा आशादायक आहे, शेवटचा शब्द नाही. युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हिरड्यांच्या उपचारांना जोड म्हणून प्रोबायोटिक वापरू नये, असंच सुचवलं आहे, कारण फायदा सिद्ध झालेला नाही. आणि आणखी एक गंमत. आतड्यात उपकारी ठरणारं ते ब्युटिरेट हिरडीच्या फटीत तिथले वाईट जिवाणू तयार करतात, तेव्हा हिरडीला अपायच करतं. एकाच पदार्थाचे दोन जागी दोन गुण. त्यामुळे 'हे चांगलं, ते वाईट' असं सोपं लेबल लावून विकणाऱ्याकडे संशयाने बघा. ताक प्या, दही खा, पण ते जेवण म्हणून. औषध म्हणून नको.

आपल्या भागात हिरड्यांचं बोलायचं आणि मिश्रीचं नाव घ्यायचं नाही, हे होऊच शकत नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची. आपल्या आज्या, काही घरांत आयाही, आजही ती लावतात. "दात दुखायचा थांबला" म्हणून सुरू होते आणि सुटत नाही, कारण ती निकोटीन आहे. दंतमंजनात तंबाखू वापरायला देशात १९९२ सालीच बंदी आली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार? तरुण पोरांनी डबीच्या जागी पुडी घेतली आणि २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी असूनही पुडी टपरीवर मिळते. तंबाखू थेट हिरडीवर घासली की हिरडी सोलवटते, मागे सरते, मुळं उघडी पडतात. कर्करोगाचा धोका तर सगळ्यांना ठाऊक आहे. सिगारेटवाल्यांसाठी एक वेगळी सूचना: निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. बेसिनमध्ये लाल रेघ दिसत नाही म्हणून खूश होऊ नका. धोक्याची घंटाच बंद पडलेली असू शकते.

आता मूळ मुद्द्यावर, ताटावर येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं हवीत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात जेमतेम ३. आता तुमचा कालचा दिवस आठवा. सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी मेसच्या चपात्या आणि बटाट्याची रस्साभाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री मॅगी. सांगलीचं विश्रामबाग असो, कराडचं विद्यानगर असो की साताऱ्यातली एखादी मेस, बटाटा सगळीकडे एकच. कोशिंबीर म्हणजे कांद्याच्या दोन चकत्या. ज्या दोन जिल्ह्यांत ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे घरोघरचं जेवण आहे, तिथली पोरं शिकायला शहरात येतात आणि मैद्यावर जगतात. 'भाकरी करायला वेळ लागतो, बाई मिळत नाही', हे मेसवाल्याचं उत्तर खोटं नाही. पण आपण मागितलीच कधी?

खरं तर वसतिगृहाच्या ताटाला साताऱ्यात मोठा इतिहास आहे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथे बोर्डिंग सुरू केलं आणि पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. आज शंभर वर्षांनी बहुतेकांचं पोट भरतं, म्हणून ताटात काय आहे हे विचारायचं आपण सोडून दिलंय.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक हॉस्टेल मेसमध्ये आठवड्यातून किमान तीन दिवस भाकरी, रोज एक उसळ किंवा पालेभाजी आणि पोटभर कच्ची कोशिंबीर असावी. हे मेस कमिटीच्या बैठकीत लेखी मांडा. तुमच्याच कॉलेजात मेस कमिटी आहे का, हे आधी शोधा. दुसरी, कॉलेजांनी वर्षातून एकदा दंततपासणी घडवून आणावी. त्यासाठी मुंबई-पुण्याला जायला नको. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा विद्यापीठाचं आहे. रक्तदान शिबिर दरवर्षी होतं, मग एनएसएसने हिरड्यांचं शिबिर घ्यायला काय हरकत आहे? तिसरी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकण्यावरची बंदी कॉलेजांच्या आसपासच्या दुकानांत तरी कागदावरून खाली उतरू द्या.

आणि तुमच्याकडून काय हवं? रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं मऊ ब्रशने घासा. रक्त येतं त्या जागेला घाबरून सोडू नका, तिथेच हळुवार घासा, कारण थर तिथेच आहे. आठवडाभरात रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा. 'क्लीनिंग केलं की दात हलतात' ही अफवा आहे. दात किटणाखाली आधीच सैल झालेले असतात, किटण निघाल्यावर ते कळतं, एवढंच. हिरड्यांसोबत वारंवार पोट बिघडत असेल, वजन उतरत असेल, खूप तहान लागत असेल, तर साखर तपासून घ्या. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. आणि सुट्टीत घरी गेलात, की आज्जीच्या डबीबद्दल भांडू नका. तिच्याशेजारी बसा, "आज्जी, तोंड उघड बघू" म्हणा, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी तिला तपासायला घेऊन जा.

उद्या सकाळी पुन्हा तीच रांग असेल, तेच बेसिन. लाल रेघ दिसली तर नळ लगेच सोडू नका. क्षणभर बघा आणि काल दिवसभरात काय खाल्लं होतं, ते आठवा.